बायकांच्या मंगळवारचा बर्फ

माझ्या नवऱ्याने उभं तारुण्य माशांसाठी बर्फ करण्यात घालवलं. मालवणच्या बर्फ कारखान्यात ते मिस्त्री होते. "बांगड्याक थंड ठेवता ठेवता माझोच बांगडो झालो," असं स्वतःच म्हणायचे. सत्तरचं दशक संपता संपता ते कुवेतला आले आणि खैतानमध्ये घराघरांतले एसी दुरुस्त करू लागले. दोन-तीन वर्षांनी एक दिवस त्यांना कोणीतरी विचारलं, माणसांसाठी बर्फ करशील का? वाळवंटात, समुद्राच्या काठी, लोकांना घसरायला!

ते घरी आले तेच धापा टाकत. मीही तेव्हा नुकतीच कुवेतला आले होते. कुवेत सिटीहून खैरानकडे जाताना समुद्रालगत कुणा धनिकाने एक मोठी पत्र्याची शेड उभारली होती. त्यात फक्त हिवाळ्यापुरता, नोव्हेंबर ते मार्च, बर्फाचा तलाव करायचा होता. उन्हाळ्यात तो टिकवायचा तर अख्ख्या कुवेतची वीज लागली असती. काम दोघांना होतं. यांनी यंत्रं सांभाळायची आणि मी स्केट्स द्यायच्या खिडकीवर बसायचं. राहायला शेडमागची एक खोली.

आणि एक आश्वासन होतं, त्याच्यासाठीच मी लगेच हो म्हटलं. मार्चपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं तर दोघांनाही कायम करणार, खैतानमध्ये घर देणार आणि आमच्या मुलीच्या व्हिसाला लागणारं पत्र देणार. मुलगी साडेतीन वर्षांची होती. तिला मालवणला तिच्या आत्याकडे ठेवून मी आले होते. आम्ही एकमेकांना पत्रांऐवजी कॅसेटी पाठवायचो. त्या महिन्यात आलेल्या कॅसेटमध्ये मागून तिचा आवाज आला, "आये, माका भूक लागली." मी उठलेच. मग कळलं, ती आत्याला हाक मारत होती. ती कॅसेट मी पुन्हा लावली नाही.

बर्फ करायला आठ दिवस लागले. जमिनीत नळ्यांचं जाळं होतं, त्यातून गोठणबिंदूच्या खाली गेलेलं खारं पाणी फिरायचं. वरून हे नळीने पाण्याचा पातळ फवारा मारायचे, तो गोठला की पुढचा थर. पोळीच्या घडीला तूप लावावं तशी त्यांची माया. चार बोटं जाडी झाली तेव्हा त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. बाहेर वाळू, उंट आणि खारा वारा, आत आरशासारखा पांढरा मैदानभर बर्फ! तोवर मला बर्फ म्हणजे सरबतातला आणि सुरमईखालचा. मी चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि किंचाळले. हे इतके हसले की मुदीर धावत आला.

मुदीर म्हणजे व्यवस्थापक. पॅलेस्टाइनचा, उंच, टापटिपीचा, कायम हातात किल्ल्या. आमच्याशी मोडकं हिंदी बोलायचा. माणूस वाईट नव्हता, पण बर्फावर साधा ओरखडा दिसला तरी त्याचा चेहरा उतरायचा.

पहिले दोन आठवडे नुसती धमाल होती. शाळा सुटली की गाड्यांच्या रांगा लागायच्या. मी पाय बघून माप सांगायला शिकले. शेकडो मोज्यांचा वास नाकात बसला, जेवतानाही जाईना, तरी मला ते काम आवडत होतं. मग मुदीरने जाहीर केलं की दर मंगळवारी सकाळी फक्त बायका आणि मुली. शेडमध्ये एकही पुरुष नको. मिस्त्रीसुद्धा नको.

आता आली पंचाईत. तासभर लोक घसरले की बर्फावर चरे पडतात. तो तासून वर गरम पाण्याचा पातळ थर द्यायला ट्रॅक्टरसारखं एक धूड होतं. त्याला आम्ही रेडा म्हणायचो, कारण ते तसंच फुरफुरायचं. मंगळवारी रेडा चालवणार कोण?

"मी," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"तुका साधी सायकल येणा नाय," हे म्हणाले, "आणि ह्यो रेडो हाकतलंस?"

"तुमी शिकवा, मी शिकतंय. पोरगी आणूची आसा ना?"

पाच दिवस रोज पहाटे त्यांनी मला शिकवलं. साडीचा पदर खोचून, वर त्यांचं जाड जाकीट घालून मी त्या धुडावर बसायची. पहिल्या दिवशी कठड्याला धडक, दुसऱ्या दिवशी दोनदा. पण तिसऱ्या दिवशी मी एक सरळ पट्टा ओढला आणि मागे वळून पाहिलं तर बर्फ ओल्या काचेसारखा चमकत होता. इतका आनंद मला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

मंगळवारी हे आत नसणार, म्हणून आम्ही एक युक्ती ठरवली. ते बाहेर पत्र्याच्या भिंतीला कान लावून उभे राहणार. नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. पान्याने पत्र्यावर एक ठोका म्हणजे पाणी कमी कर. दोन म्हणजे पातं वर घे. तीन म्हणजे बरी आहेस ना? मीही आतून तीन ठोके मारले की बरी आहे.

मंगळवार उजाडला. आमच्याकडे नव्या कामाला हात घालायचा तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. बायका यायच्या आत यांनी रेड्यापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखात तुजी लेकरा इली हत, तेंचा काम तडीक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी एकटीच ओरडले. एरवी या आरोळीला गाव लागतो.

"तेंची पोरगी तेंच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फोडला, रेड्याला हळदकुंकू लावलं. मग मला वाटलं, नव्या विहिरीत आपण कुंकू सोडतोच, मग याच्या पाण्याला का नको? टाकीचं झाकण उघडून मी चिमूटभर कुंकू सोडलं. दुसऱ्या हाताने झाकण सावरत होते. अख्खी डबी निसटून पडली. ते बाजारातलं कुंकू, एकदा बोटाला लागलं की आठवडाभर रंग न सोडणारं. मी वाकून पाहिलं तर पाणी वर तरी काळंच दिसत होतं. हे तोवर बाहेर गेले होते आणि दारात पहिली गाडी थांबली होती. बसेल खाली तळाशी, असं म्हणून मी झाकण लावून टाकलं.

बायका आल्या. अंगावरच्या काळ्या अबाया काढून खुर्च्यांवर टाकल्या आणि काय त्यांचा कल्ला! आया मुलींना धरून पडत होत्या, मुली आयांना ओढत होत्या. मालकांची म्हातारी आई कठड्याजवळ चहाचा थर्मास घेऊन बसली होती. तिला सगळे हज्जा म्हणायचे. तासाभराने मी घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं आणि रेडा आत घातला.

अर्धा फेरा झाला असेल, तोच मागून किंकाळी आली. वळून पाहते तर माझ्यामागे लालभडक पट्टा! कडेला तो गुलाबी होत पसरत चालला होता. बायकांना वाटलं, कोणीतरी यंत्राखाली सापडलं. एक आई मुलीचे हात-पाय तपासत होती, दोघीतिघी दाराकडे धावल्या. मी रेडा थांबवला. माझ्या डोळ्यांपुढे ना मुदीर आला, ना नोकरी, थेट मुलगीच आली. डबीभर कुंकवापायी मी तिला घालवून बसले होते.

भिंतीवर तीन ठोके पडले. मी उत्तर दिलं नाही. पुन्हा तीन, जोरात. ते आत येऊ शकत नव्हते आणि मी काय सांगणार होते?

हज्जा उठून कठड्याशी आली. जुन्या काळी तिच्या नवऱ्याचं गलबत मुंबईला जायचं, त्यामुळे तिला थोडं हिंदी यायचं. "ये क्या है, बेटी? खून?"

मी खाली उतरले, घसरत घसरत तिच्यापर्यंत गेले आणि आपल्या कपाळावर बोट ठेवलं. मग बर्फाकडे दाखवलं. "ये है. पूजा का. मेरे हाथ से गिर गया," एवढंच म्हणू शकले, बाकी रडूच आलं.

तिने माझं कपाळ पाहिलं, बर्फ पाहिला. मग दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडले. मेंदीने लालचुटूक. "हमारा भी लाल," ती म्हणाली आणि दारातल्या बायकांना अरबीत मोठ्याने काहीतरी सांगितलं. त्या थबकल्या, मग एकजण हसली, मग सगळ्याच. "आधा क्यों छोड़ा?" हज्जा मला म्हणाली. "पूरा करो."

खरंच, अर्धा लाल, अर्धा पांढरा बर्फ त्याहून वाईट दिसत होता. मी रेड्यावर चढले, तो भिंतीशी नेऊन पान्याने आतून तीन ठोके मारले आणि सगळं मैदान गुलाबी करून टाकलं. त्या दिवशी कुवेतच्या बायका आणि मुली माझ्या कुंकवावरून दुपारपर्यंत घसरल्या.

दुपारी मुदीर आला आणि दारातच उभा राहिला. हे म्हणाले, चूक माझी. मी म्हटलं, खोटं, डबी माझ्या हातातली. त्याने किल्ल्या दोनदा खुळखुळवल्या. "उद्यापर्यंत पांढरा करा. व्हिसाच्या पत्राचं मार्चमध्ये बघू," म्हणाला. आम्ही दोघं फावडी घेऊन बर्फ खरवडत राहिलो. हे एका शब्दानेही रागावले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "देवान गाऱ्हाना आयकल्यान खरा, पन जरा जास्तीच." मला हसू आवरेना.

त्यानंतर मी एकही मंगळवार चुकवला नाही. तरी मार्च येईस्तोवर मी एकेक दिवस मोजत होते. शेवटच्या दिवशी मुदीरने पत्राचं पाकीट हातात ठेवलं. "हज्जा रोज विचारते," तो म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात ती ट्रॅक्टरवाली असणार ना?" मी तिथेच उडी मारली. मुदीरही दचकला.

कागदपत्रांत उन्हाळा गेला आणि ऑक्टोबरात मुलगी आली, ओळखीच्या एका नर्सबरोबर. विमानतळावर ती नर्सच्या मागे लपली. घरी आल्यावर यांना 'बाबा' म्हणाली, फोटोत पाहिल्यामुळे असेल. मला मात्र काहीच म्हणेना, काही हवं असलं की नुसती पदर ओढायची. मी कुढले, पण तिला दाखवलं नाही.

नोव्हेंबरात पुन्हा बर्फ झाला, तेव्हा पहिल्याच मंगळवारी तिला बरोबर नेलं. रेडा बघून तिचे डोळे मोठे झाले. "बसशील?" म्हटल्यावर ती आपणहून माझ्या मांडीवर चढली. आल्यापासून पहिल्यांदाच, आणि तीही रेड्यासाठी! आम्ही निघालो. अर्ध्यात आल्यावर भिंतीवर तीन ठोके पडले.

"कोन ठोकता?"

"बाबा. ते इचारतत, बरी आसंस मा?"

मी रेडा भिंतीशी नेऊन थांबवला आणि पाना तिच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी पत्र्यावर तीन ठोके मारले, मग चौथा, पाचवा, आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली, "बाबाऽ, आमी बरी आसू! मी आनि आये!"

मी तिला छातीशी धरून बसून राहिले. इतकी खूश झाले होते की पाणी बंद करायचं भानच राहिलं नाही, आणि गरम पाण्याने रेड्याखाली बर्फात खड्डा पडला.

दुपारी हे आत आले, वाकून खड्डा पाहिला. मी म्हटलं, पोरगी काय बोलली माहीत आहे का?

"माका आयकाक इला," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता बादली घेऊन खाली बसले. वीतभर खड्डा, पण तो बुजवायला त्यांना त्या दिवशी अर्धा तास लागला.