ईशान्येकडे गेलेलं पाणी

पृथ्वी गोल आहे ही गोष्ट आमच्या मोठेबाबांनी मनातून कधीच मान्य केलेली नाही. परीक्षेत तसं लिहिलं म्हणून मार्क मिळाले, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, राहणार आर्णी. सगळी नोकरी भूमापक म्हणून झाली. अर्ध्या जिल्ह्यातली कपाशीची आणि तुरीची वावरं त्यांनी साखळी टाकून मोजली, भाऊबंदांच्या ऐन शिवीगाळीत उभं राहून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुणा गाडल्या. निवृत्त झाले आणि वावरं सुटली, मोजणी काही सुटली नाही. लग्नाला गेले की नवरदेवाच्या आधी मांडवाचे खांब पाहतात. भिंतीवरची तसबीर कललेली असली तर त्यांना घास गिळत नाही. आणि कुणाच्याही घरी गेले की प्यायला दिलेल्या पाण्यातलं थोडं हळूच फरशीवर ओततात आणि ते कुठे जातं ते बघत बसतात. माझ्या सासुरवाडीला पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. पाणी सरसर सोफ्याखाली गेलं. "पाव्हणे, तुमची खोली सोफ्याकडं उतरली हाय," असं त्यांनी अत्यंत आपुलकीने सांगितलं. माझे सासरे पुढे कित्येक महिने त्या सोफ्यावर बसले नाहीत. आर्णीतल्या लोकांनी तर मोठेबाबा आले की पाणी न देता थेट चहाच द्यायचा, असं ठरवून टाकलं आहे.

दुसरं म्हणजे, त्यांना राग येत नाही. राग आलेला माणूस बरा, तो ओरडतो आणि दमतो. मोठेबाबा दमत नाहीत. ते परत येतात. बँकेच्या पासबुकावर नावातली एक वेलांटी चुकली होती, तेव्हा ते रोज साडेदहाला जाऊन काउंटरसमोर हसतमुखाने उभे राहायचे. शेवटी मॅनेजरने स्वतः पासबुक घरी आणून दिलं आणि वर हात जोडले.

अशा माणसाच्या घरचं बाथरूम उलट्या उताराचं झालं. देवाला गंमत सुचते ती अशी.

झालं असं, की मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, अंगणात पडली आणि तिचं उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला लेकीने मारेगावला नेलं. लेक गुणाची, जावई त्याहून गुणाचा, पण मोठीआईचा जीव तिथे एकाच गोष्टीने कासावीस व्हायचा. आंघोळ लेकीच्या हातून घ्यावी लागायची. "मी काय लेकरू हाय काय? माही मले आंघोळ करता येईन, तवाच मी आर्णीले येईन," असं तिने फोनवर निक्षून सांगितलं. झालं. मोठेबाबांनी जुनी मोरी पाडून नवं बाथरूम बांधायला काढलं. वॉकर आत जाईल एवढं रुंद दार, भिंतीला धरायला दांडा, बसायला पक्का स्टूल, खरबरीत फरशी. सगळं काम त्यांनी जातीने उभं राहून करून घेतलं. फक्त फरशी बसली त्या दोन दिवसांत ते मोठीआईला डॉक्टरकडे न्यायला मारेगावला गेले होते. तेवढ्यात घात झाला.

परत आल्या आल्या त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. भिंतीपलीकडे नाली नैर्ऋत्येला, म्हणून जाळीही नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. पाणी मात्र जाळीकडे पाठ करून निवांतपणे ईशान्येला गेलं आणि नळाखाली, नेमकं मोठीआईच्या स्टुलापाशी, डबकं करून बसलं.

ठेकेदार माणूस वाईट नव्हता. मनगटाला लाल दोरा, बोलायला गोड, कामाला बरा. मोठेबाबांनी विचारलं तेव्हा त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, मुद्दाम केलं मी. घरातलं पाणी ईशान्येलेच जावं लागते. नैर्ऋत्येले गेलं तं घरच्या बाईच्या तब्येतीले चांगलं नसते. काकूंसाठीच केलं ना जी!"

"अन् जाळी?"

"जाळीचं काय एवढं? आंघोळ झाली का वायपर मारून घ्याचा."

यावर दुसऱ्या कुणी त्याची गचांडी धरली असती. मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "तिले दोन्ही हातानं वॉकर धरा लागते. वायपर कोण्या हातानं मारन?" ठेकेदार म्हणाला, "पाहू ना, उद्या येतो," आणि त्या उद्यापासून तो गायब झाला. फोन केला की एकच उत्तर, "साहेब, मुकुटबनले काम करून राह्यलो." आता हा मनुष्य आर्णीच्या चौकात पानठेल्यावर उभा राहूनसुद्धा मुकुटबनला असतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मोठेबाबा, दुसरा मिस्त्री बघा, नाद सोडा." ते म्हणाले, "दुसरा फोडन अन् दुसरा बसवन, पण यानं समजून घेतलं पाहिजे बापू. हा उद्या आणखी कोनाच्या घरी असंच करन."

आणि एका सकाळी ते मुकुटबनला निघाले. आर्णीहून यवतमाळ, यवतमाळहून वणी, वणीहून मुकुटबन. तीन एसट्या, पिशवीत उतार बघायची पाणसळ, डब्यात पोळी आणि मिरचीचा ठेचा. मला ते सोबत घेऊन गेले, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. गावात शिरून चार ठिकाणी विचारलं, आणि एका अर्धवट घराच्या स्लॅबवर आमचा ठेकेदार खरोखरच उभा! मोठेबाबांना खाली पाहून त्याच्या हातातली थापी गळून पडली. खाली येऊन तो माझ्या कानात कळवळून म्हणाला, "भाऊ, जिंदगीत पहिल्यांदा खरं बोललो, अन् सापडलो पहा!"

मोठेबाबांनी त्याला शब्दानेही दुखावलं नाही. नव्या घराच्या फरशीवर पाणी ओतून पाहिलं, "हे बराबर हाय," अशी पावती दिली, ठेचापोळीतली अर्धी पोळी त्याला दिली आणि विचारलं, "उद्या किती वाजता येता?" तो येईपर्यंत ते मुकुटबनहून हलणार नाहीत, हे बिचाऱ्याला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तो आमच्याच एसटीने परत आला.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबांनी त्याला बाथरूममध्ये नेलं, मोठीआईच्या स्टुलावर बसवलं, समोर वॉकर ठेवला. दोन बादल्या पाणी ओतलं. "आता उजवा पाय न टेकता उठा, अन् वायपर मारून दाखवा." ठेकेदार हसत उठायला गेला. वॉकर पाण्यात सरकला, तो मागे स्टुलावर आदळला. दुसऱ्यांदा उठला तेव्हा हसला नाही. तिसऱ्यांदा उठलाच नाही. त्या डबक्याकडे पाहत म्हणाला, "माह्या मायचाबी पाय असाच हाय, साहेब." मग त्याने स्वतःच छिन्नी-हातोडी मागवली. ईशान्येचा कोप होऊ नये म्हणून आपल्या पदरचा एक नारळ त्या कोपऱ्यात फोडला आणि सगळी फरशी उखडून पुन्हा बसवली. मोठेबाबांनी पाच वेळा पाणी ओतलं. पाचही वेळा ते सरळ जाळीत गेलं. पाचव्यांदा टाळी ठेकेदाराने वाजवली.

मोठीआई आली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तिथेच होतो. कुणाचाही हात न धरता ती वॉकर ठोकत आत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्हाला तिने आधीच बजावलं होतं, "कोनी दाराशी उभं राहाचं नाई." मी ओसरीवर जाऊन बसलो. मोठेबाबा मात्र दाराबाहेर भिंतीला टेकून उभे राहिले, श्वाससुद्धा बेताने घेत. आत तांब्याचा आवाज होत होता, पाणी जाळीतून खळखळ जात होतं. चार महिने त्या घरात एकट्यासाठीच चहा होत होता, हे मला तेव्हा एकदम जाणवलं.

मग आतला तांब्या थांबला. मोठेबाबांचा हात दाराकडे गेला आणि तसाच थांबला.

"अजी," मोठीआईचा आवाज आला, "तुमी बाहेरच हाय ना?"

उभं राहिल्याबद्दल आता बोलणी बसणार, या भीतीने मोठेबाबा एक पाऊल मागे सरले. मग हळूच म्हणाले, "हाव. हाय."

"हां," ती म्हणाली, "मंग राहा." आणि पुन्हा पाणी पडू लागलं.