गाणारीले घेऊन या

सौसरच्या त्या अँप्लिफायर बनवणाऱ्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. आमच्या भीमगीतांच्या बँडसाठी गिटारचा, जुन्या काचेच्या व्हॉल्ववाला अँप्लिफायर घ्यायला पांढुर्ण्याहून गेलो, तर म्हणाला, "गाणारीले घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बहिणीला नेलं. त्यानं दोन अँप्लिफायर मांडले होते, एक लहान, एक मोठा. ती गायली, मी वाजवलं. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून, तिच्यामागून ओळ पुटपुटत होता. लहान अँप्लिफायरवर त्याची ओळ पूर्ण झाली. मोठ्यावर त्याचे ओठ मधेच थांबले.

"गिटारीत शब्द बुडाले न भाऊ. लोकं तं शब्दासाठीच येतेत."

तरी मी मोठाच घेतला. त्यानं तारा गुंडाळल्या, बांधून दिला.

आता कार्यक्रमात वाजवताना मी समोरच्यांचे ओठ पाहतो. पूर्वी सगळे गायचे. आता नुसते ऐकतात.