मुठीच्या मापाचं खुरपं

कणकेचा आमच्या साडूंइतका दुरुपयोग अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात कोणी केला नसेल. शहाद्याला त्यांच्या घरी पाव्हणा आला की पाणी मागाहून यायचं, आधी त्याच्या हातात कणकेचा गोळा यायचा. "आवया मूठ. जोरमा आवया!" पाव्हण्याने मूठ आवळली की साडू तो गोळा नव्या बाळाला घ्यावं तसा अलगद काढून घेत आणि उन्हात वाळत घालत. मग त्या ठशाबरहुकूम बाभळीची मूठ कोरायची आणि तिला पातं बसवून त्या माणसाचं खुरपं करायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण जीव जडला तो गच्चीवरच्या कुंड्यांत चालणाऱ्या हत्यारांवर. "चप्पल मापनी लेतस, मंग खुरपं बिगर मापनं कसाले?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आत स्वयंपाकघरातून अक्कांचा, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीचा, आवाज मात्र हमखास यायचा, "आते पोया कशान्या करू?"

बाजारातल्या लोहाराने तर त्यांची धास्तीच घेतली होती. साडू दिसले की तो भाता सोडून चहाला निघायचा. एकदा मी बरोबर होतो म्हणून तो सापडला. पात्याला बाक असा हवा की मिरचीच्या मुळाला धक्का न लागता तण निघालं पाहिजे, असं साडू त्याला समजावत होते. पातं चार वेळा भट्टीत जाऊन आलं, तेव्हा लोहाराने हातोडा खाली ठेवला. "मास्तर, हाई खुरपं शे का नवरीनी नथ?" साडू न रागावता म्हणाले, "नथ ऱ्हाती ते इतली मेहनत कोन करतं?" आणि पाचव्यांदा पातं पुढे केलं.

पण कळस झाला तो खापर गावी, आमच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा. चहा झाला, नाव-शिक्षण विचारून झालं आणि साडूंनी खिशातून ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा काढून मुलीपुढे धरला. मुलीच्या आईला वाटलं, परीक्षा आहे. ती अभिमानाने म्हणाली, "मन्ही पोरले कनिक मस्त मयता येस!" साडू म्हणाले, "ते ठीक. माले मूठ दखनी शे." मुलीने मूठ आवळली. साडूंनी ठसा उजेडात धरला, मान हलवली आणि गंभीरपणे जाहीर केलं, "आंगठा लांब शे. बाजारनं चालाव नही." मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, हे स्थळ नाकारताहेत. बाजारचं खुरपं हिला चालणार नाही एवढंच ते म्हणताहेत, असा खुलासा मी करेपर्यंत मुलगीच फिसकन हसली, पुतण्याही हसला आणि तिथेच लग्न ठरलं. आहेरात साडूंनी अर्थातच खुरपं दिलं.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. गच्चीवरची गिलकी, वांगी, मेथी, वालपापडी पिकवायच्या त्या अक्का, आणि त्याही नुसत्या बोटांनी. साडूंचं हत्यार तयार होईपर्यंत वांग्यांचा हंगाम संपलेला असायचा. अक्का मातीत बोट खुपसून ओल सांगत, तर्जनीने खळगा करत, बी टाकत आणि चिमटीने तण उपटत. नवऱ्याची हत्यारं त्यांनी कौतुकाने ओळीत टांगून ठेवली होती, पण हातात कधी घेतली नाहीत.

मग त्यांना संधिवाताने गाठलं. बोटं वाकेनात आणि सकाळी पेलाही धरवेना. अक्का गच्चीवर जायच्या बंद झाल्या. कुंड्या सुकल्या. साडूंनी एके दिवशी कणकेचा गोळा त्यांच्या हातात दिला, तर त्यावर ठसाच उमटला नाही. तो गुळगुळीत गोळा घेऊन ते कामाला लागले.

त्यानंतर त्यांनी जाड मुठीचं खुरपं केलं, ते हातातून गळून पडलं. मग पट्ट्याने मनगटाला बांधायचं केलं. अक्का म्हणाल्या, "मन्हा हातले नांगर बांधा का तुम्ही?" साडू हसले नाहीत. लोहार आता मात्र त्यांना बघून पळायचा नाही. विचारायचा, "काय मास्तर, जमनं का?" शेवटी जमलं ते बिनमुठीचं. छातीइतक्या उंचीची बांबूची पोकळ नळी, वर नरसाळं, खाली लोखंडी चोच. नळी काखेत धरायची, अंगभाराने मातीत रोवायची आणि वरून ओंजळीने बी सोडायचं. अक्कांनी पहिली मेथी पेरली तेव्हा आम्ही तिथे होतो. ओळ वाकडी गेली, बी इकडे दाट तिकडे विरळ पडलं. अक्का मात्र कुंडीवर अशा ओणवल्या होत्या, जणू मेथी आत्ताच उगवणार आहे.

आता मेथी चांगली झाली आहे. परवा गेलो तर अक्कांनी भाजी बांधून दिली. साडू जिन्याखाली काहीतरी तासत होते. तीच नळी, पण बुटकी, आणि खाली बसल्याबसल्या पायाने दाबायची पट्टी.

"हाई कोनासाठे?" मी विचारलं.

साडूंनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "तिनाच साठे. आते नही लागाव," ते हळूच म्हणाले. "पुढे लागी. उभं ऱ्हावावनार नही तव्हय."

आतून अक्कांनी चहाला हाक मारली. साडूंनी नळीवर पोतं टाकलं, हातावरचा भुसा झटकला आणि "उनू, उनू" म्हणत ते आत गेले.