नोंद नसलेले वाचक

नाशिकातल्या चार कॉलेजांनी एकदा फार शहाणपणाचा निर्णय घेतला. चौघांच्याही ग्रंथालयांत तीच ती जुनी पुस्तकं आणि मासिकांचे तेच ते बांधीव खंड धूळ खात पडले होते. ठरलं असं की प्रत्येक पुस्तकाची चौघांत मिळून एकच धड प्रत ठेवायची, बाकीच्या रद्दीत घालायच्या. ठेवलेल्या प्रती देवळाली कॅम्पच्या वाटेवरच्या कॉलेजात, मागच्या हॉलमध्ये लावल्या. पहिल्या पानावर लाल शिक्का मारला, 'अंतिम प्रत'. करार पंधरा वर्षांचा. सह्या झाल्या, फोटो झाला, पेढे झाले आणि चारही ग्रंथपाल आपापल्या वाटेने गेले. हॉलची किल्ली उरली ती सुलाबाई गांगुर्डेकडे.

सुलाबाई मूळची हरसूलची, सातवी शिकलेली. कॉलेजात शिपाई असलेला नवरा गेला, तेव्हा त्याच्या जागी लागली. पुस्तकाचं नाव काढा, ती रॅक सांगणार. आत काय लिहिलंय ते तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. पण कसर लागू नये म्हणून दर पावसाळ्यात कडुलिंबाचा पाला आणायची ती पदरमोड करून. चार कॉलेजांत मिळून त्या पुस्तकांवर जीव होता तो या एका बाईचा, आणि तिचा हुद्दा होता परिचर.

पुस्तक घरी न्यायचं तर अर्ज तीन प्रतींत. एक सही आपल्या ग्रंथपालाची, दुसरी पुस्तक मुळात ज्या कॉलेजचं त्याच्या ग्रंथपालाची. एवढ्यात आठ दिवस जात आणि परीक्षा उरकून जाई. मग सुलाबाईने आपला सोपा मार्ग काढला. सतरंजी अंथरली आणि पोरांना म्हणाली, "न्यायचं नाय. हितंच बसा अन् वाचा." बसून वाचणाऱ्याची तिने नोंद केली नाही. रजिस्टरवर 'बाहेर दिलेली पुस्तके' असं लिहिलेलं होतं, आणि बाहेर तर काहीच जात नव्हतं. तिचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

वेदिका देवरे कळवणहून आली ती याच सतरंजीवर. इतिहासात एम.ए., पुढे नेट द्यायची, खोलीवर चौघी जणी, अभ्यासाला जागा नाही. पोर हुशार आणि अबोल. सुलाबाईला स्वतःचं मूल नव्हतं, तिचा या पोरीत जीव अडकला. पेठ-सुरगाण्याकडची हॉस्टेलची पोरं यायची, ती कुजबुजायची, हसायची. वेदिकाच्या कपाळावर आठी पडायची, ती सुलाबाईला दिसायची. एक दिवस तिने पोरांना दारातच अडवलं. "तुम्ही चारनंतर येत जा रं. ती पोरगी लय अभ्यास करतीय." पोरं शहाणी, ती चारनंतर येऊ लागली. वेदिका अकराला यायची आणि चारला बस पकडायला निघायची. तीन वर्षं हे असंच चाललं. सुलाबाईने तिला यातलं अक्षर सांगितलं नाही. माया करणाऱ्याने ती बोलून का दाखवायची, असं तिचं मत.

वेदिका नेट झाली आणि चारांपैकीच एका कॉलेजात प्राध्यापक लागली. त्या दिवशी सुलाबाईने हॉलच्या दारावर तोरण बांधलं.

यंदा करार संपला. हॉल ठेवायचा की मोडायचा हे ठरवायला समिती बसली. अध्यक्ष प्राचार्य शेखर सर, आणि सदस्यांत डॉ. वेदिका देवरे. तिचं नाव कळल्यावर सुलाबाई त्या रात्री निर्धास्त झोपली. आपलं माणूस आत आहे म्हटल्यावर काळजी कसली?

शेखर सरांनी रजिस्टर उघडलं. "पंधरा वर्षांत एक्केचाळीस नोंदी. इथे कुणी येतं तरी का?"

"लय पोरं येत्यात, सर. रोज येत्यात. हितंच बसून वाचत्यात."

"नोंद दाखवा."

"बसून वाचायला कसली नोंद, सर? या मॅडमलाच इचारा ना. तीन वर्षं हितंच बसून शिकल्या." हे सांगताना तिची मान जरा ताठ झाली होती.

सगळे वेदिकाकडे वळले. वेदिकाने चष्मा नीट केला. "खरं आहे, सर. मी तीन वर्षं रोज अकरा ते चार इथे बसत होते," ती म्हणाली. "मला दुसरं कुणीही कधी दिसलं नाही."

इतक्या प्रामाणिक साक्षीपुढे कोण बोलणार? सुलाबाईला बाहेर थांबायला सांगितलं आणि दहा मिनिटांत ठराव झाला. हॉल मोडायचा, पुस्तकं कागदाच्या लगद्याला द्यायची. आणि नोंद न करता पुस्तकं हाताळू दिली म्हणून सुलाबाईला मेमो.

व्हरांड्यात सुलाबाईने वेदिकाला गाठलं. "पोरं येत हुती, मॅडम. तुमाला तरास नको म्हणून म्याच त्यांना चारनंतर बोलवायची. तुमी गेल्यावर हॉल भरायचा."

वेदिका थबकली. तिला ते पटलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आत शेखर सर अजून कागद आवरत होते, दार चार पावलांवर होतं. तिने एकदा दाराकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"मावशी, मी कुठे सांगितलं होतं तुम्हाला तसं करायला?" ती म्हणाली आणि पर्समधून गाडीची किल्ली काढली.

सोमवारी ऑफिसातून नवा शिक्का आला, 'बाद'. कुठलं पुस्तक कुठे आहे ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसल्यामुळे काम सुलाबाईलाच दिलं. तिने एक नंबरच्या रॅकपासून सुरुवात केली. लाल शिक्क्यावर काळा नीट बसावा म्हणून ती प्रत्येक पान तळहाताने सपाट करत होती. नऊ दिवसांत काम उरकलं, आणि एकही पुस्तक नजरचुकीने राहिलं नाही.