दिगंबरची पश्चिमेची भिंत

दिगंबर गेल्याची बातमी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, सुप्रभातच्या दोन गुलाबांच्या मधोमध. तासाभरात सगळ्यांनी हात जोडले. मग शोकसभा झाली आणि एका माजी साहेबांनी त्याला ‘प्रशासनाचा दीपस्तंभ’ म्हटलं. दिगंबर जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर होता आणि त्याच्या डोक्यावरचा दिवा कधीच धड लागत नसे. मी शेजारच्या टेबलावर होतो, म्हणून सांगतो.

हर्सूलच्या पलीकडं त्यानं गुंठ्याचा प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. शेजारी रायभान, मूळचा कन्नड तालुक्याकडचा, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. वर्ष दुष्काळाचं, बोअर कोरडे. दोघं मिळून टँकर मागवायचे आणि रायभानच्या हौदातून कुंपणावरून नळी टाकून दिगंबरच्या विटकामावर पाणी मारायचे. पश्चिमेची भिंत मात्र थेट हद्दीवर उभी राहिली. तिला बाहेरून गिलावा करायचा, तर बांबूंची परांची रायभानच्या मोकळ्या जागेतच बांधायला हवी होती. काम चार दिवसांचं. पण त्या भिंतीच्या आत दिगंबरच्या बायकोची, सुमनवहिनींची खोली होती आणि वहिनींना दमा होता.

नळी धरल्या धरल्या विचारलं असतं, तर रायभान हो म्हणाला असता. दिगंबरनं अर्ज केला. ‘विषय : आपल्या जागेत तात्पुरता प्रवेश मिळणेबाबत.’ रजिस्टर्ड पोस्टानं, बारा फुटांवरच्या घराला. मसुदा मीच तपासला होता. तळाशी ‘प्रत माहितीस्तव : वॉर्ड ऑफिस’ होतं. आम्हा दोघांनाही ते खटकलं नाही. प्रत नसलेला कागद आमच्या डोळ्यांना उघडावाघडा दिसतो.

रायभानचं घर बिनपरवान्याचं होतं. तिथं सगळ्यांचंच होतं, दिगंबरचंसुद्धा. वॉर्ड ऑफिसची दोन माणसं टेप घेऊन आली, त्यांनी रायभानचं घर मोजलं, नोटीस डकवली आणि जाता जाता दिगंबरचंही मोजलं.

समजूत घालायला दिगंबर मला सोबत घेऊन गेला. रायभाननं खुर्च्या दिल्या, चहा दिला. प्रत पाठवणं ही निव्वळ पद्धत असते, असं दिगंबर पुन्हा पुन्हा सांगत राहिला. रायभाननं ऐकून घेतलं.

“सायब, माझं पाणी तुमच्या इटंला चालतंय,” तो म्हणाला. “मंग मला हाक मारायला तुमचं तोंड चालत नाय व्हय?”

दिगंबरनं अर्जाची प्रत काढून त्याच्यापुढं धरली. त्याला तोंडी उत्तरं सुचतच नसत...

रायभाननं परांची बांधू दिली नाहीच. पुढं त्यानं कागदपत्रं सरळ करून घेतली आणि आपलंही घर जवळजवळ हद्दीपर्यंत वाढवलं, दोन मजली. दोन भिंतींमध्ये वीतभर फट उरली. तिथं गवंड्याचा हात काय, करणीसुद्धा वळत नाही.

त्या फटीत पावसाचं पाणी उतरे आणि उघड्या विटा ते पीत. दिगंबरनं आतून नाना रसायनं फासली. पोपडे मात्र दरवर्षी निघत आणि वहिनी रात्र रात्र बसून काढत. पाऊस नसला की त्यांना बरं असे. सगळा जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसलेला असताना या एका माणसाला ढग नको होते, आणि हे बोलण्याची सोय नव्हती. माझ्याजवळ तो एकदाच बोलला. “दुष्काळ पडला की मला झोप लागते रे.”

दिगंबरच्या दहाव्याला रायभान आला होता. भिंतीवरून हात फिरवत तो वहिनींना म्हणाला, “माझ्या बी भितीचं आतून असंच हाय. आता म्या व्हय म्हनलं, तरी परांची बांधावी कुठं?” वहिनींनी त्याला चहा घ्यायला सांगितलं.

परवा वहिनींकडं गेलो होतो. यंदा पाऊस चांगला झालाय. पेपरात हर्सूलच्या भरलेल्या तलावाचा फोटो आहे. दर जूनला दिगंबर वहिनींचा पलंग त्या भिंतीपासून थोडा लांब सरकवत असे. पावसाळा संपल्यावर तो परत जागेवर नेण्याचं त्यानं अलीकडं सोडूनच दिलं होतं. वहिनी श्वास सावरत म्हणाल्या, “भावजी, एवढा जरा सरकवून देता का?”

मी दोन्ही हातांनी ढकलला. पलंग केव्हाच समोरच्या भिंतीला टेकलेला होता.