‘आता ये की’ आणि सिल्लोडला गेलेली बायको

माझा अल्बम प्रसिद्ध झाल्यावर तिसऱ्या दिवशी मला कळलं, की माझी बायको मला सोडून गेली आहे. तिला स्वतःला ते पाचव्या दिवशी कळलं.

आधी मी कोण ते सांगतो. मी श्रीकांत. उस्मानपुऱ्यात राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, वय छप्पन्न. आणि मी गातो. म्हणजे हार्मोनियम घेऊन बसतो आणि स्वतःच लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली गाणी म्हणतो. घरात याला ‘तुमचं ते’ म्हणतात. ‘तुमचं ते झालं असेल तर दळण घेऊन या.’

या ‘त्या’चा अल्बम काढावा असं तीस वर्षांपासून मनात होतं. दिवाळीला आमची मुक्ता पुण्याहून आली, तेव्हा म्हणाली, बाबा, आता स्टुडिओ लागत नाही. एक माइक, एक लॅपटॉप आणि एक शांत खोली एवढं पुरतं, बाकीचं मी तिथून बघते. माइक तिनंच आणून दिला. लॅपटॉप तिचाच जुना होता. शांत खोलीचा प्रश्न राहिला. (माझी बायको वैशाली फार मोठ्यानं बोलते असं मी म्हणत नाही. निदान लेखी तरी म्हणत नाही.)

जानेवारीत सिल्लोडला सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि वैशाली पंधरा दिवसांसाठी माहेरी निघाली. मी तिला बसमध्ये बसवून आलो. तिची बस शहराच्या टोकाच्या हर्सूलच्या पुढं गेली नसेल, तोवर मी माइक बाहेर काढला होता.

पहिल्याच गाण्याला आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. मुक्ताला फोन केला. ती म्हणाली, भिंतींवर जाड कापड टांगा, म्हणजे आवाज घुमणार नाही. घरात गोधड्या तीन. त्या एकाच भिंतीला पुरल्या. मग मी हॉलमधलं वैशालीचं कपाट उघडलं आणि तिच्या सगळ्या साड्या नेऊन बेडरूममध्ये दोऱ्यांवर टांगल्या. सुती साड्यांनी फरक पडला नाही. पण पैठणी आवाज फार सुंदर शोषून घेते, हे मी अनुभवानं सांगतो.

आठ दिवस मी त्या साड्यांच्या मधोमध बसून गायलो. ऑफिसातून आलो की दार लावायचं, पंखा बंद करायचा आणि घामानं निथळत गायचं. एकेक गाणं वीस-वीसदा. घसा बसला. स्वयंपाक मीच करत होतो, त्यामुळं वजनही उतरलं.

अशात एका संध्याकाळी शेजारच्या लोहाडे काकू वाटीत भाजी घेऊन आल्या. मी नुकतीच फोडणीत मिरची जाळली होती. डोळे लाल, नाक गळतंय, आवाज बसलेला. काकूंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं सताड उघड्या, रिकाम्या कपाटाकडं पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, वैशाली कधी येणार? डॉक्टर दुसरा डोळाही लगोलग करू म्हणत होते, म्हणून मी खरं तेच सांगितलं, की आता काही सांगता येत नाही. काकूंनी वाटी ठेवली आणि उद्याही भाजी आणते म्हणाल्या.

अल्बममध्ये सहा गाणी होती. त्यातलं मुख्य गाणं ‘आता ये की’. तेच अल्बमचं नाव. त्या गाण्यात मुखड्यानंतर चार आवर्तनं ढोलकसाठी मोकळी होती आणि ढोलक वाजवणारा नव्हता. मुक्तानं कंप्युटरमधला ढोलक घालून पाठवला. तो ऐकताना कुणीतरी जिन्यावरून डबा सोडून दिलाय असं वाटत होतं. तो काढायला लावला आणि ती जागा तशीच मोकळी ठेवली. तिथं फक्त हार्मोनियमचा भाता हलतो, त्याचा आवाज येतो. आत, बाहेर, आत, बाहेर.

मुखपृष्ठासाठी फोटो पाहिजे म्हणून मुक्ता मागं लागली. मी गच्चीतल्या आमच्या दोन वेताच्या खुर्च्यांचा फोटो काढून पाठवला. एकीवर माझा चष्मा, दुसरी रिकामी. मुक्तानं त्या रिकाम्या खुर्चीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं, आता ये की. मला फार आवडलं.

रविवारी अल्बम इंटरनेटवर चढला. मी दुवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर कुणीच काही बोललं नाही. सोमवारी मात्र जग बदललं. ऑफिसात शिरलो तर बोलणं थांबलं. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि मी न मागता अर्ध्या दिवसाची रजा दिली. अकाउंटच्या बाईंनी घरून माझ्यासाठी डबा आणला. दुपारी घरी आलो तर लोहाडे काकू दारातच होत्या.

“ऐकलं मी गाणं,” त्या म्हणाल्या. “मधे तुम्हाला रडू आवरलं नाही ना, तिथं मलापण राहवलं नाही.”

मी सांगितलं, की ते रडणं नाही, भात्याचा आवाज आहे. असू द्या, असू द्या, म्हणत त्या डोळे पुसत गेल्या. मी त्या दिवशी फार खुशीत होतो. कलावंताला लोक किती हळुवारपणे वागवतात, हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बुधवारी काकूंनी सरळच विचारलं, की मी वैशालीशी बोलून बघू का. समजूत घातली तर ती येईलसुद्धा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी परोपरीनं सांगितलं, की ती आईच्या डोळ्यासाठी गेली आहे. काकूंनी नुसतं कपाटाकडं पाहिलं. साड्या घरातच आहेत असं म्हणून, पुरावा म्हणून, मी त्यांना बेडरूममध्ये नेलं. खिडकी बंद, चारही बाजूंनी बायकोच्या साड्या टांगलेल्या आणि मधोमध एक हार्मोनियम आणि एक उशी. काकू दोन पावलं मागं सरल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर भाजी त्यांचे यजमान आणून द्यायला लागले.

सिल्लोडला ही बातमी गाण्याच्याच दुव्यावर बसून गेली. माझ्या मेव्हण्याचं, प्रकाशचं, तिथं मक्याच्या अडतीचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्यांनी त्याला आधी गाणं ऐकवलं आणि मग धीर दिला. बायका सासूबाईंचा डोळा बघायला म्हणून यायच्या आणि वैशालीचा हात धरून बसायच्या. शेवटी सासऱ्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं, की बाई, तुला तिथं जायचं नसलं तर राहा इथं, पण काय झालं ते मला सांग. मग तिचा मला फोन आला.

“मी तुम्हाला सोडून आलेय?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, तसं लोक म्हणताहेत.

“मग मला कळवायचं तरी.”

दुसऱ्या दिवशी ती आली. सोबत प्रकाश. तो सोफ्याच्या कडेला बसला, चहाला नको म्हणाला आणि बराच वेळ हातातल्या किल्ल्यांकडं बघत राहिला.

“दाजी,” तो म्हणाला, “आमचं काय चुकलं असंल तर तोंडावर सांगा. लई झालं तर दोन शिव्या द्या. पण असं गाण्यात नका सांगू. दुकानात बसता यीना गेलंय.”

त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला ते पटलं, की आपल्या बहिणीचं बरं चाललंय एवढंच पटलं, कुणास ठाऊक. चहा पिऊन तो गेला. वैशाली बेडरूममध्ये गेली. तिनं साड्या पाहिल्या. पैठणीच्या पदराला मी लाकडी चिमटा लावलेला पाहिला. मी आता काय ऐकावं लागतंय याची तयारी करून उभा होतो. पण ती खाली गादीवर बसली आणि म्हणाली, “पुन्हा ऐकवा.”

ऐकवलं. ‘हात माझे सुरांवरी, ताल तुझ्यापाशी, आता ये की.’ मग ती चार आवर्तनं. आत, बाहेर, आत, बाहेर. तिनं मान खाली घातली होती.

“पंधरा दिवसांसाठी गेले मी,” ती म्हणाली. “तर एवढं?”

जगातल्या कोणत्याही शहाण्या नवऱ्यानं इथं ‘हो’ म्हटलं असतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. पण तिनं इतक्या मायेनं विचारलं, की मला खोटं बोलवेना.

“हे मुनीरचं आहे,” मी म्हणालो.

मुनीर माझा मित्र. आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. त्याच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो ढोलक वाजवायचा. त्याच्या घरी वडील ओरडायचे आणि माझ्या घरी आई, म्हणून आम्ही सायकलवर हर्सूलच्या तलावावर जायचो. मी पुढं, तो कॅरियरवर ढोलक मांडीवर घेऊन. उतरेपर्यंत त्याचे हात चालूच असायचे. लग्नांत, गणपतीत, उरुसात आम्ही एकत्र वाजवलं. आमची कॅसेट काढायची ठरली होती. मग तो एसीचं काम शिकला आणि माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत जेद्दाहला गेला. दो साल में आतूं, तू गाणी तयार ठेव, असं म्हणून गेला. तो गेला त्या आठवड्यात मी हे गाणं लिहिलं. ती चार आवर्तनं त्याची होती. दोन वर्षांनी तो आला नाही. पुढं त्याच्या घरचे हैदराबादला गेले, नंबर बदलले, कॅसेटी बंद झाल्या. मी चाल कधी बदलली नाही.

हे सगळं मी वैशालीला सांगितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आमच्या. मुनीरला तिनं एकदाच पाहिलं होतं, लग्नाच्या वरातीत.

“सिल्लोडला हे कुणाला सांगायचं नाही,” ती म्हणाली. “तिथं मी गाणं माझंच म्हणून सांगून आलेय. कालपर्यंत ज्या हात धरत होत्या, त्या आज हेवा करताहेत.” मग उठून तिनं चिमटा काढला आणि पैठणीची घडी घालायला लागली.

पण सिल्लोडनंच पुढचं काम केलं. मुनीरची बहीण रिझवाना तिथं दिली आहे, हे मी विसरलोच होतो. जावई रडतो ते गाणं तिच्या गल्लीतही पोचलं. तिनं आवाज ओळखला आणि हैदराबादला भावाला पाठवून दिलं. तो तीन वर्षांपासून तिथंच होता, जेद्दाह सोडून. आठवड्यानं मला अनोळखी नंबरावरून फोन आला.

“श्रीक्या,” पलीकडून आवाज आला, “भाभी को क्या बोला रे तू?”

चोवीस वर्षांनी त्याचं पहिलं वाक्य हे. मला हसू आलं. बायको घरातच आहे, स्वयंपाक करतेय, हे सांगितलं. मग सांगितलं, की गाणं तुझं आहे, मधली जागा तुझी आहे. फोन कटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो.

“चौथ्या आवर्तनात तू घाई केली,” तो म्हणाला. “पयले से तेरी आदत है.”

मी म्हणालो, मग वाजव. फोन तसाच ठेवून मी हार्मोनियम ओढली, त्यानं तिकडं टेबल जवळ घेतलं. मी मुखडा म्हटला, थांबलो आणि त्याची बोटं ऐकू आली. तीच. पण फोनवरून आवाज उशिरा पोचतो, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. माझी सम येऊन जायची आणि मग त्याची यायची. मी थांबलो की तो पुढं, तो थांबला की मी मागं. पाऊण तास आम्ही एकमेकांना गाठायचा प्रयत्न केला. एकदाही जमलं नाही. शेवटी तो म्हणाला, नक्को रे, मीच येतो, ईदनंतर. ईद झाली. आता पुढच्या थंडीत येतो म्हणतोय. त्याच्या घरी नातवंडं आहेत, त्यालाही कुणीतरी दळण आणायला सांगणारं आहे.

राहता राहिली वैशाली. तिनं एकदाच सांगितलं, रागानं नाही, भाजी निवडता निवडता, की आता एखादं माझ्यासाठी लिहा. मी रोज बसायला लागलो. काही केल्या सुचेना, कारण ती समोरच असायची. महिनाभर वाट बघून ती म्हणाली, मी जाते चार दिवस सिल्लोडला, बघा सुचतंय का. गेली. घर खरंच रिकामं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी गाणं झालं. विरहाचं, सगळं तिच्याच आठवणीनं भरलेलं. मी लगेच फोन लावला आणि हार्मोनियमवर तिला पूर्ण म्हणून दाखवलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “मुनीरभाईंना आवडेल.”