असूनही

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मटार सोलणं. ठाकुर्लीच्या घरात, खाली चटईवर. ती म्हणाली, "अहो, टोपातपण टाका थोडे. सगळे पोटात चाललेत."

मी म्हटलं, "हुकूम विद्यापीठात सोड, इथं नको."

ती हसली. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली.

आम्ही बौद्ध. मी सातवी नापास, आंबिवलीला कंपनीत हेल्पर होतो. ती लग्नानंतर शिकली. वकील झाली, कॉलेजात कायदा शिकवला, शेवटी विद्यापीठाची कुलसचिव झाली. सगळा कारभार तिच्या हाताखाली. त्या खुर्चीवर बसायच्या पहिल्या सकाळी ती मोरीत ओकली. म्हणाली, "भीती वाटते हो. माझी एक चूक झाली की आख्ख्या वस्तीची धरतील." मग तोंड धुतलं, साडी नेसली, गेली.

शोकसभा घोडबंदर रोडला, विद्यापीठाच्या मोठ्या हॉलात. मला पुढं बसवलं. तिच्याबरोबर काम केलेले एक मोठे सर बोलायला उठले.

"बाई त्या समाजातल्या असूनही काय शुद्ध बोलायच्या. सांगितल्याशिवाय कळायचंच नाही."

माना हलल्या. सभेआधी माझं बोलणं ऐकलेल्या सरांनी माझ्याकडं बघितलं. "यजमानांचा क्लास घ्यायचा मात्र राहिला वाटतं."

लोक हसले. तिच्या फोटोसमोर.

माझं अंग गार पडलं. हात मांडीखाली दाबले. कंपनीत साहेब ओरडला की असंच व्हायचं. कुणीतरी माईक तोंडासमोर धरला. "दोन शब्द बोला, आजोबा."

मी म्हणालो, "आभारी आहे." टाळ्या पडल्या.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, सोडा ना. कौतुकच करत होते ते."

"असूनही म्हणजे काय गं?"

ती ताटं घ्यायला उठली.

मला कळतं काय ते. असूनही म्हणजे, तुझ्याकडून अपेक्षाच नव्हती. जन्मभर शिकवलं, कारभार हाकला, तरी ह्यांच्या लेखी ती दाराबाहेरच उभी. आणि आता उत्तर द्यायला ती नाही.

सकाळी एकटाच विद्यापीठात गेलो, सरांना भेटायला. गेटावरून दोनदा मागं फिरलो. शिपायानं ओळखलं, आत नेलं.

"या, या. चहा घ्या," सर म्हणाले.

"चहा नको. काल तुम्ही असूनही म्हणालात. तो शब्द मागं घ्या. त्याच हॉलात, त्याच माईकवर."

"अहो, त्यामागची भावना समजून घ्या."

"समजली म्हणूनच आलोय."

सरांचा आवाज बदलला. "तुम्ही दुःखात आहात. घरी जा."

मी अजून उभाच होतो. एकदा बसलो तर परत उठता येणार नाही असं वाटलं. म्हणून बसलो. त्यांच्या समोरच्या खुर्चीत.

म्हटलं, "पोलीस बोलवायचे तर बोलवा. मी घाबरलेलोच आहे. शब्द मागं घेईपर्यंत उठत नाही."